शरदातील एक दुपार आणि नित्य आर्द्र नऊ द्रव्ये

शरद ऋतू आला की वैद्याच्या मनात प्रथम येते ते पित्त. वर्षाकाळात संचित झालेले पित्त आश्विनातील उन्हाने प्रकुपित होते, अम्लपित्त आणि शीतपित्ताच्या रुग्णांची रीघ लागते, आणि शरद ही वैद्यांची माता होय हे जुने विनोदवचन दरवर्षी नव्याने खरे ठरते. तिक्त घृत, विरेचन आणि रक्तमोक्षण यांच्या योजनेत आपले दिवस जातात. परंतु शास्त्रकारांनी शरदाकडे आणखी एका दृष्टीने पाहिले आहे, आणि ती दृष्टी म्हणजे औषधिसंग्रहाची.

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात त्वचा, कंद आणि क्षीर ही शरद ऋतूत घ्यावीत असे सांगितले आहे. शार्ङ्गधराने पूर्वखंडाच्या पहिल्या अध्यायात वमन-विरेचनाची द्रव्ये वसंताच्या अखेरीस घ्यावीत असे म्हणून, इतर सर्व कार्यांसाठी रसपूर्ण औषधे शरदातच गोळा करावीत असा दंडक घातला आहे. त्याच अध्यायात परिभाषेचा एक नियम येतो. औषधे सामान्यतः शुष्क पण नवीन घ्यावीत, आणि ओली घ्यावयाची तर दुप्पट घ्यावीत. या नियमाला त्याने नऊ द्रव्यांचा अपवाद केला आहे. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा आणि प्रसारणी ही नऊ द्रव्ये नेहमी आर्द्रच वापरावीत आणि त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असे तो स्पष्टपणे सांगतो.

हा नियम आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला आहे आणि परीक्षेत लिहिलाही आहे. प्रश्न असा की, आज आपल्यापैकी किती जणांच्या औषधालयात तो पाळला जातो? शतावरी येते ती बारदानात वाळून आलेली, गुडूचीचे तुकडे येतात ते लाकडासारखे कडक झालेले, आणि कुड्याची साल केव्हा, कोणत्या झाडाची काढली हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. स्वरस मिळणे अशक्य असेल तेव्हा शुष्क द्रव्य पाण्यात भिजवून अगर आठपट पाण्यात आटवून काम भागवावे, अशी सवलत शार्ङ्गधराने दिली आहे हे खरे. पण ती अडचणीच्या वेळची सवलत आहे, रोजचा व्यवहार नव्हे. आर्द्र द्रव्य दूरच्या बाजारपेठेतून येऊ शकत नाही. ते जवळच्या शेतातूनच यावे लागते. ही साधी गोष्ट गेल्या आश्विनातील एका दुपारी आम्हाला फार स्पष्टपणे दिसली. तिची हकीकत वैद्यबंधूंना आणि औषधालयांच्या चालकांना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे देत आहोत.

सातपुड्याच्या पायथ्याशी

धुळ्याचे आमचे एक वैद्यमित्र वडिलोपार्जित औषधालय चालवितात. शतावरी घृताचा पाक स्वरसावरच करावयाचा, हा त्यांचा जुना आग्रह. चोपडा तालुक्यात अडावदच्या उत्तरेस, उनपदेवच्या उष्णोदकाच्या झऱ्याकडे जाणाऱ्या बाजूस, एका लहान शेतकऱ्याने शतावरी लावली आहे असे त्यांच्या कानावर आले होते. कंद ओले मिळतील काय हे पाहण्यासाठी त्यांनी आम्हाला सोबत येण्याचा आग्रह केला. ते अमळनेरमार्गे चोपड्यास आले. आम्ही जळगावहून विदगावचा तापीवरील पूल ओलांडून धानोऱ्याच्या रस्त्याने अडावद गाठले.

आश्विनातील खानदेश ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन सांगावयास नको. तापीचे पाणी निवळलेले असते. काळ्या रानात कपाशी फुटू लागलेली आणि पहिली वेचणी चाललेली असते. उडीद-मूग खळ्यावरून घरात गेलेले असतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना टाकळ्याच्या शेंगा वाळत आलेल्या आणि आघाड्याचे तुरे कपड्यांना चिकटण्याच्या तयारीत उभे. आमचे मित्र गाडीच्या काचेतून चक्रमर्द आणि अपामार्ग मोजीत होते. जसजसे उत्तरेकडे जावे तसतशी काळी जमीन उथळ होत जाते, तिच्यात वाळू आणि गोटे मिसळू लागतात आणि सातपुड्याची निळी रांग जवळ येते. डोंगरातून वाहून आलेल्या गाळ-गोट्यांच्या या पट्ट्यात पाणी झटकन मुरते. यावल-रावेरपासून चोपड्यापर्यंतच्या केळीच्या बागा याच पट्ट्याच्या भूजलावर उभ्या राहिल्या, आणि उपशामुळे विहिरी व कूपनलिका खोल खोल जात आहेत ही तक्रारही याच पट्ट्यात ऐकू येते.

शेत अवघे साडेतीन एकरांचे. त्यात निम्म्याहून अधिक केळी, एक एकर कपाशी आणि वीस गुंठे शतावरी. शेतकऱ्यांना सारे नाना म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना नानाच म्हणू. उन्हातून आल्याबरोबर त्यांनी माठातले पाणी पुढे केले आणि घरून कळण्याची भाकरी, मुगाचे वरण व ठेचा मागविला. दह्याचे वाडगेही आले होते, परंतु शरदात दही वर्ज्य, असे आमच्या मित्रांनी सांगताच नाना हसले आणि म्हणाले, "वैद्यबुवा, ठेचा चालतो आणि दही चालत नाही, हा तुमचा कोणता कायदा?" ठेचाही चालत नाहीच, हे मित्रांनी प्रामाणिकपणे कबूल केले, मात्र तो बाजूला सारला नाही.

एका बांधावर सहा द्रव्ये

जेवण आटोपल्यावर शेताला फेरी मारली. शिवारात चरणाऱ्या शेळ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून नानांनी दोन बाजूंना अडुळशाचे कुंपण केले आहे. अडुळशाला शेळी तोंड लावीत नाही, एवढाच त्यामागचा त्यांचा हिशेब. वाटेच्या बाजूला काटेरी कोरांटी आहे. म्हणजे आपला सहचर. बांधावरच्या दोन जुन्या कडुनिंबांवर गुळवेल चढलेली आहे आणि तिची दोऱ्यांसारखी हवाई मुळे खाली लोंबत आहेत. विहिरीच्या मातीवर कोहळ्याचा वेल पसरला होता. मध्ये वीस गुंठ्यांत बांबूच्या आधारावर दोन वर्षांची शतावरी दाट वाढली होती. शेताच्या वरच्या टोकाला, जेथून डोंगराची चढण सुरू होते, तेथे बांधावर कुड्याची पाच-सहा झाडे. शार्ङ्गधराच्या नऊपैकी सहा द्रव्ये साडेतीन एकरांत, आणि त्यातील एका शतावरीखेरीज कोणतेही औषध म्हणून लावलेले नव्हते. उरलेल्या तिहींपैकी शतपुष्पा परसात पेरता येते आणि अश्वगंधा या हवामानात सहज होते. प्रसारणी तेवढी आपल्याकडची नव्हे. ती पूर्वेकडील आर्द्र प्रदेशातील वेल आहे.

कुड्यापाशी आम्ही थोडे अधिक थांबलो. पांढरा कुडा आणि काळा कुडा यांची बाजारात होणारी भेसळ सर्वांना परिचित आहे. कुटज म्हणून ज्याची साल व इंद्रजव घ्यावयाचे तो पांढरा कुडा, म्हणजे होलॅऱ्हेना. काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, दिसावयास त्याच्यासारखाच आणि डोंगरात त्याच्या शेजारीच वाढतो. नानांच्या बांधावर दोन्ही होते. नानांकडे सालदार असलेला एक पावरा गडी आमच्यामागे येत होता. त्याला विचारताच त्याने दोन्ही झाडांच्या शेंगा दाखविल्या. एकाच्या शेंगांची जोडी टोकापर्यंत सुटी लोंबते, दुसऱ्याच्या दोन्ही शेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात. मग त्याने गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगेतील बी चावून पाहण्यास दिले आणि एवढेच म्हणाला, "हा कडू, तो गोड." कडू आणि गोड इंद्रजवाचा ग्रंथोक्त भेद त्याने दोन शब्दांत संपविला. गोपाल, तापस, व्याध आणि वनात राहणारे लोक यांच्याकडून औषधांची ओळख करून घ्यावी, असे सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात म्हटले आहे, ते उगाच नव्हे. ज्या औषधालयाचा एखाद्या अशा जाणत्याशी संबंध आहे, त्याच्याकडे काळा कुडा कुटज म्हणून येण्याचा संभव फारच कमी.

गुळवेलीच्या बाबतीतही हेच सांगता येईल. कोविडच्या साथीत गुडूचीचा वापर अफाट वाढला. तिच्यामुळे यकृताला इजा होते असा आक्षेप २०२१ साली घेतला गेला, आणि त्यानंतर टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील फरकाकडे आयुष मंत्रालयाने लक्ष वेधले. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. आपल्या गुळवेलीवर पातळ कागदासारखा पापुद्रा सुटतो आणि आडव्या कापात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. वेल झाडावर उभा असताना, पानाफुलांसह, हा फरक ओळखणे सोपे आहे. तुकडे करून वाळविल्यावर ते काम कठीण होते, आणि चूर्ण झाल्यावर सूक्ष्मदर्शकाशिवाय होतच नाही.

नानांचा प्रश्न

शतावरीच्या वाफ्यात शिरून मित्रांनी एका झाडाची माती उकरविली. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीमुळे कंद न मोडता निघाले. पांढरे, रसरशीत, बोटाएवढे जाड, एका मुळाशी झुपकाच्या झुपका. त्यांनी एक कंद सोलला, मधला दोरा ओढून काढला आणि उरलेला गर आमच्या हातावर ठेवला. मधुर, किंचित तिक्त, आणि पाण्याने गच्च. या ओल्या कंदाला उकडून, सोलून, वाळविले की मूळ वजनाचा जेमतेम आठवा-दहावा भाग हाती राहतो.

हे आम्ही कौतुकाने पाहत असताना नाना बाजूला शांत उभे होते. मग ते म्हणाले, "पाहून घ्या, साहेब. पुढच्या आठवड्यात येथे रोटाव्हेटर फिरणार आहे. कांदेबाग लावायची आहे."

खानदेशात केळीची मृगबाग पावसाच्या आरंभी लागते आणि कांदेबाग पाऊस सरताना. ज्याला वीस गुंठ्यांत कांदेबाग लावायची त्याला आश्विनातच रान मोकळे करावे लागते. नानांनी दोन वर्षांपूर्वी ज्याच्याकडून रोपे घेतली, त्याने ओला माल बांधावरून उचलण्याचे तोंडी आश्वासन दिले होते. माल तयार झाला तेव्हा त्याचा दूरध्वनी लागेनासा झाला. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने भाव सांगितला तो सोललेल्या, वाळलेल्या मालाचा. आणि उकडण्या-सोलण्याची मजुरी धरली तर त्या भावात खर्चही निघत नव्हता. शतावरीला केळीच्या मानाने पाणी फारच थोडे लागते, फवारणीही जवळजवळ नसते, हे नानांना पटलेले होते. पण केळीला बोलीप्रमाणे का होईना, रोज गिऱ्हाईक आहे. शतावरीला ते कोठे आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

त्यांनी आम्हाला विचारले, "तुम्ही दोघेही वैद्य. हे कंद तुम्हाला लागतात ना? मग तुम्ही घेता तरी कोठून?"

मित्रांनी सांगितले की जळगाव-धुळ्याचा व्यापारी देतो, त्याला इंदूरकडचा देतो, आणि त्याच्याही मागे कोण आहे हे कोणी सांगत नाही. नाना एवढेच म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माल कोणाचा हे माहीत नाही, आणि मला गिऱ्हाईक कोण हे माहीत नाही."

या एका वाक्यात कच्च्या औषधांच्या व्यवहारातील सारा दोष आला आहे. औषधी वनस्पतींच्या लागवडीचे वारे आपल्याकडे नवे नाहीत. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० साली स्थापन झाले; त्याच सुमारास सफेद मुसळीची लाट आली. लागवडीचे कंद चढ्या भावाने विकणारे पुष्कळ होते. तयार मुसळी घेणारे मात्र शोधूनही सापडेनात, असा अनुभव अनेक शेतकऱ्यांनी घेतला. तेव्हापासून लहान शेतकरी औषधी पिकाचे नाव काढले की सावध होतो, आणि ते योग्यच आहे. एका बाजूस वैद्य म्हणतो की शुद्ध द्रव्य मिळत नाही. दुसऱ्या बाजूस शेतकरी शुद्ध द्रव्य रोटाव्हेटरखाली घालतो. या दोघांमध्ये अंतर किती, तर एस.टी.च्या दोन-अडीच तासांच्या प्रवासाचे.

भूमी, विष आणि मार्ग

निर्णय घेण्यापूर्वी आमच्या मित्रांनी शेताची जी परीक्षा केली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधाची जमीन कशी असावी हे सांगितले आहे. ती खड्डे, दगड, वारूळ, स्मशान, वाळू यांनी दूषित नसावी. मृदू, सपाट, जलाशयाजवळची असावी. वर्णाने काळी, पिवळसर अगर तांबडी असावी. आणि अशा भूमीत उगवलेले औषधही कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी, दाटी आणि मार्ग यांनी उपहत झालेले नसावे.

या यादीतील दोन शब्द आजच्या वैद्याने विशेष विचारात घ्यावेत. विष म्हणजे आजची फवारणी. नानांच्या शतावरीला त्यांनी फवारणी केलेली नव्हती. पण तिची पश्चिमेकडील कड कपाशीला लागून होती आणि कपाशीवर रसशोषक किडींसाठी औषधे मारलेली होती. मित्रांनी त्या कडेच्या पाच ओळींचे कंद घ्यावयाचे नाहीत असे तेथेच सांगून टाकले. मार्ग म्हणजे आजचा वाहता रस्ता, त्याचा धूर आणि धूळ. अडुळशाची पाने त्यांनी रस्त्याकडील कुंपणाची नाकारली आणि आतल्या बाजूची चालतील असे सांगितले. ग्रंथातील वचन शेतात उभे राहून वाचले की त्याचा अर्थ असा आपोआप उलगडतो.

कुड्याच्या सालीविषयीही तेथेच बोलणे झाले. झाडाभोवती गोलाकार साल काढली की झाड वाळते. म्हणून साल फांदीची अगर खोडाच्या एका बाजूची, उभ्या पट्टीने, घ्यावी आणि पुढील खेपेस त्याच झाडाला हात लावू नये. झाड स्वतःच्या मालकीच्या बांधावरचे असले पाहिजे. वर डोंगरात वनखात्याची हद्द आहे आणि पूर्वेस यावलचे अभयारण्य; तेथील झाडाची साल कितीही उत्तम असली तरी आपल्यासाठी ती वर्ज्यच. ताजी साल लागते ती किती? कुटज पुटपाकासाठी शार्ङ्गधराने तत्काळ काढलेली साल तांदळाच्या धुवणात वाटून, जांभळीच्या पानांत गुंडाळून, वर कणकेचा व चिखलाचा लेप देऊन गोवऱ्यांच्या अग्नीत भाजावयास सांगितली आहे, आणि तिचे प्रमाण चार पले एवढेच आहे. रुग्णागणिक लागणाऱ्या अशा अल्प मात्रेसाठी बांधावरची पाच-सहा झाडे एका वैद्याला पुरेशी आहेत. व्यापारी प्रमाणावर अरिष्टे बनविणाऱ्या कारखान्याची गोष्ट निराळी.

काय ठरले

त्या दुपारी ठरले ते फार मोठे नव्हे. वीस गुंठ्यांचा सारा माल एका औषधालयाला लागत नाही, हे मित्रांनी स्पष्ट सांगितले. खोटी आशा दाखविली नाही. त्यांनी तेथूनच जळगाव, अमळनेर आणि शिरपूर येथील तीन वैद्यांशी दूरध्वनीवरून बोलणे केले. चौघांची गरज मिळून जे परिमाण झाले त्यावरून नानांनी दहा गुंठे शतावरी राखावी आणि दहा गुंठ्यांत कांदेबाग लावावी असे निघाले. भाव ओल्या, धुतलेल्या कंदाचा, किलोवर ठरला. उकडणे, सोलणे, वाळविणे काही नाही. कार्तिक अखेरपर्यंत दर पंधरवड्याला एकेक गोणी, ओल्या गोणपाटात बांधून, खणल्याच्या दिवशीच एस.टी. पार्सलने रवाना करावी. अडुळशाची पाने आणि गुळवेलीचे अंगठ्याएवढे जाड कांड मागणीप्रमाणे सोबत यावे. हे सारे एका कागदावर लिहिले, दोघांनी सह्या केल्या आणि मित्रांनी अर्धी रक्कम आगाऊ दिली. लेखी करार आणि आगाऊ रक्कम या दोन गोष्टींनी नानांचा चेहरा बदलला. त्यापूर्वीच्या आमच्या शास्त्रचर्चेने तो बदललेला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

पहिली गोणी ठरल्या दिवशी पोहोचली. मित्रांनी कंद सोलून, दोरे काढून, कुटून स्वरस काढला आणि घृत सिद्ध केले. अडुळशाची पाने नुसती कुटून रस देत नाहीत. ती वाफवून अगर पुटपाकाने घ्यावी लागतात, म्हणून त्या कामासाठी त्यांनी निराळे पातेले ठेवले आहे. ओले द्रव्य हाताळण्याचे श्रम वाढले, माणूस एक जास्त लागला, आणि आलेला माल दोन दिवसांत संपविण्याची शिस्त लावून घ्यावी लागली. हा खर्च त्यांनी औषधाच्या किमतीत धरला. रुग्णांना त्याचे कारण सांगितले तेव्हा तक्रार आली नाही.

औषधालयांच्या चालकांसाठी काही सूचना

या अनुभवावरून, आणि मित्रांशी पुढे झालेल्या विचारविनिमयातून, पुढील मुद्दे वाचकांपुढे ठेवावेसे वाटतात.

१. नऊही द्रव्ये एकदम आर्द्र वापरण्याचा संकल्प करू नये. आपल्या औषधालयात सर्वाधिक लागणारी दोन निवडावीत. खानदेशात गुडूची आणि वासा यांपासून आरंभ करणे सर्वांत सोपे. दोन्ही वर्षभर मिळतात आणि त्यांना वेगळी जमीन लागत नाही.

२. लागवडीपूर्वी बोलणी करावीत, माल तयार झाल्यावर नव्हे. शतावरीसारख्या दीड-दोन वर्षांच्या पिकात शेतकऱ्याने एकट्याने जोखीम घ्यावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. परिमाण, प्रयोज्य अंग, महिना, भाव, आगाऊ रक्कम आणि वाहतूक कोणी करावयाची, एवढ्या सहा गोष्टी कागदावर असाव्यात.

३. एका वैद्याची गरज लहान असते. तालुक्यातील अगर शेजारच्या दोन-तीन तालुक्यांतील चार-पाच औषधालयांनी मिळून एक शेतकरी निवडल्यास दोघांनाही परवडते.

४. पहिल्या वर्षी वनस्पतीचा पानाफुलांसह नमुना जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळखून घ्यावा आणि तो दाबून, वाळवून औषधालयात जतन करावा.

५. प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी: द्रव्य, अंग, शेत, काढणीची तारीख, आल्याचे वजन, वापरल्याची तारीख. परवानाधारक उत्पादकांना परिशिष्ट 'टी'नुसार कच्च्या मालाची नोंद बंधनकारकच आहे. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनविणाऱ्या नोंदणीकृत वैद्याला त्या परिशिष्टातून सूट असली, तरी नोंदीचा लाभ त्यालाही आहेच.

६. शेताची फेरी वर्षातून दोनदा मारावी: एकदा पावसात, फवारणी कोठे व कशाची होते हे पाहण्यासाठी, एकदा शरदात, काढणीच्या वेळी.

७. जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या सुधारणेने लागवडीखालील औषधी वनस्पतींना काही सूट दिली आहे. तिचा लाभ घेण्यासाठी मूळ ठिकाणाचा दाखला आवश्यक असल्याने माल शेतातला आहे हे दाखविणारे कागद शेतकऱ्याने व आपण जपून ठेवावेत. वनातून आणलेल्या मालाला शेतातला म्हणून घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

८. उरलेला माल वाळवून ठेवणे भागच असेल, तर साठवणुकीचा चरकोक्त विधी आठवावा. अग्नी, ओल, धूर, धूळ, उंदीर आणि जनावरे यांपासून दूर, नीट झाकून, शिंक्यावर टांगून औषधे ठेवण्यास त्याने सांगितले आहे. शिंके आज घराघरांतून गेले. पण जमिनीपासून उंच, हवेशीर, झाकलेली जागा हे त्याचे तत्त्व कोणत्याही गोदामात पाळता येते.

उपसंहार

शुद्ध द्रव्याचा प्रश्न आला की आपण प्रयोगशाळा, मानके आणि तपासणी अहवाल यांकडे वळतो. त्यांची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. परंतु तपासणी अहवाल द्रव्य जसे आले तसे ते आहे एवढेच सांगतो. ते शरदात काढले की ग्रीष्मात, ओले असताना त्याचा रस कसा होता, शेजारच्या रानात काय फवारले होते, हे तो सांगत नाही. ही माहिती शेतकऱ्याकडे आहे, डोंगरातल्या जाणत्याकडे आहे, आणि विचारल्यास ते ती मोकळेपणाने देतात. त्यासाठी वैद्याला वर्षातून दोन दुपारी गावाबाहेर जावे लागेल.

आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी आपापल्या परिसरातील औषधी पिके घेणाऱ्या लहान शेतकऱ्यांची आणि त्यांच्याकडील द्रव्यांची यादी करून ती सभासदांना उपलब्ध करून दिली, तर प्रत्येकाला नव्याने शोधाशोध करावी लागणार नाही. आश्विन-कार्तिक हे दोन महिने या कामास योग्य. रान मोकळे करून दुसरे पीक लावण्याचा निर्णय खानदेशातील शेतकरी याच दिवसांत घेतो, आणि तो निर्णय होण्यापूर्वी आपले गिऱ्हाईक कोण हे त्याला कळलेले असावे.